युद्ध, आर्थिक निर्बंध आणि सामान्य माणसाचं इंटरनेट : नागपुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून हे प्रश्न नागपुरात मुख्यतः दोन प्रकारची माणसं विचारतात. एक, ज्यांची मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर गेली आहेत असे पालक. दुसरी, आयटी पार्क आणि मिहानमध्ये परदेशी ग्राहकांची कामं करणारी तरुण मंडळी. दोघांची काळजी वेगळी असली तरी बरीच उत्तरं सामाईक आहेत, म्हणून ती एकत्र दिली आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. करार किंवा पैसे अडकलेले असतील तर वकील आणि सीए यांना विचाराच.

युद्ध तिकडे, निर्बंध तिकडे. नागपुरात बसून आम्ही हे का समजून घ्यायचं?

कारण २०२५ च्या जुलैत हे प्रकरण भारतात येऊन गेलं. युरोपीय संघाने १८ जुलैला रशियाविरुद्धच्या निर्बंधांचा अठरावा संच जाहीर केला आणि त्यात गुजरातमधल्या वाडिनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीचं नाव घातलं. नायरात रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा ४९.१३ टक्के वाटा आहे, हे त्यामागचं कारण. चारच दिवसांनी, २२ जुलैला, मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल उघडेनात, टीम्स चालेना. कंपनी भारतात नोंदलेली, कर्मचारी भारतीय, लायसन्सचे पैसे भरलेले. भारत असे एकतर्फी निर्बंध मानत नाही, आणि मायक्रोसॉफ्ट ज्या देशाची, त्या अमेरिकेनेही नायराचं नाव आपल्या यादीत घातलेलं नव्हतं. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, मधल्या काळात रेडिफच्या ईमेलवर निभावलं, आणि ३० जुलैला सेवा पूर्ववत झाल्या.

नायरा मोठी कंपनी आहे. देशभर तिचे सहा हजारांहून जास्त पेट्रोल पंप आहेत, नामांकित वकील लावायची ऐपत आहे. हेच परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एखाद्या छोट्या कंपनीवर आलं असतं तर ती न्यायालयात पोचेपर्यंत ग्राहक गेले असते.

पालकांचं कारण वेगळं. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून २२,५०० च्या आसपास भारतीय परत आले, त्यातले बहुतेक विद्यार्थी. पुढे २०२३ मध्ये सुदान आणि २०२५ मध्ये इराण. दर वेळी पहिला आधार असतो तो व्हॉट्सॲपवरचा "पोचलो" एवढा एक शब्द. तो येणं कधी बंद पडतं आणि कशामुळे, हे आधी माहीत असलेलं बरं.

निर्बंध लावतो कोण, आणि पाळावे कोणाला लागतात?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने लावले तर सगळ्या सदस्य देशांना, म्हणजे भारतालाही. अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन यांनी आपापले लावले तर कागदोपत्री फक्त त्यांच्या नागरिकांना आणि कंपन्यांना. भारताची भूमिका स्पष्ट आहे: एकतर्फी निर्बंध आम्ही मानत नाही. नायराच्या वेळीही परराष्ट्र मंत्रालयाने हेच सांगितलं.

कागद सोडून व्यवहारात या. अमेरिकेत १९७७ च्या एका कायद्याने राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करून परदेशी व्यवहार रोखण्याचा अधिकार दिला आहे. त्याची अंमलबजावणी अर्थखात्यातलं ओफॅक नावाचं कार्यालय करतं. कोणाशी व्यवहार करायचा नाही त्या माणसांची आणि संस्थांची यादी तेच ठेवतं. यादीतल्या एकाची किंवा अनेकांची मिळून पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असेल, तर यादीत नाव नसलेली कंपनीही अडकते. आता तुमचं सॉफ्टवेअर अमेरिकन क्लाउडवर आहे, बिल डॉलरमध्ये निघतं, डॉलरचा व्यवहार न्यूयॉर्कच्या बँकेतून जातो, ॲप अमेरिकन स्टोअरवर आहे. तुम्ही नागपुरात असलात तरी तुमचा पुरवठादार आणि तुमची बँक त्या कायद्याच्या कक्षेत आहेत, आणि त्यांनी हात वर केले की तुमचं काम थांबतं.

निर्बंध लागले की त्या देशाचं इंटरनेट बंद होतं का?

नाही. आणि तसं करून पाहा, असं थेट मागणं झालं तेव्हाही ते नाकारलं गेलं. हा प्रसंग नीट माहीत असायला हवा.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर चढाई केली. चारच दिवसांनी, २८ तारखेला, युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी आयकॅन या संस्थेला पत्र लिहिलं. जगभरातल्या डोमेन नावांचा, म्हणजे सायटींच्या पत्त्यांचा, समन्वय ही संस्था पाहते. मागणी अशी होती: रशियाचं 'डॉट आरयू', रशियन लिपीतलं डोमेन आणि सोव्हिएत काळापासून चालत आलेलं 'डॉट एसयू' रद्द करा, रशियातल्या सायटींची सुरक्षा सर्टिफिकेटं रद्द करायला मदत करा, कोणतं डोमेन कुठे शोधायचं हे सांगणारे रशियातले रूट सर्व्हर बंद करा. अॅमस्टरडॅमच्या राइप एनसीसीकडेही मागणी गेली, की रशियाला दिलेले आयपी पत्ते, म्हणजे नेटवरच्या यंत्रांची ओळख पटवणारे क्रमांक, काढून घ्या. युरोप आणि पश्चिम आशियासाठी आयपी पत्त्यांचं वाटप ही संस्था करते.

दोघांनीही नकार दिला. आयकॅनचे प्रमुख योरान मार्बी यांनी २ मार्चला कळवलं, की इंटरनेट चालू राहील हे पाहणं हे आमचं काम आहे, समन्वयाची जागा वापरून ते थांबवणं हे नाही. राइप एनसीसीचं म्हणणंही तसंच: देशांतर्गत वाद असो, दोन देशांतला संघर्ष असो किंवा युद्ध, संपर्काची साधनं त्यात ओढली जाऊ नयेत. एक बारीक मुद्दा इथे लक्षात ठेवा. राइप एनसीसी नेदरलँड्समधली संस्था आहे, युरोपीय निर्बंध तिला लागू आहेत. त्यामुळे यादीतल्या सदस्यांच्या नोंदी तिने गोठवल्या, म्हणजे ते पत्ते विकता किंवा हस्तांतरित करता येत नाहीत. वापर मात्र चालू राहिला. कायदाही पाळला आणि लोकांचं नेटही राहिलं.

मग युक्रेनची मागणी चुकीची होती असं म्हणता का?

ज्यांच्या शहरांवर क्षेपणास्त्रं पडत होती त्यांनी हाताशी येईल ते मागितलं. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण मागणी मान्य झाली असती तर काय झालं असतं, ते पाहू. रशियन सैन्य 'डॉट आरयू'च्या भरवशावर लढत नव्हतं. त्याची दळणवळणाची साधनं वेगळी आहेत. सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून युद्धाविरुद्ध लिहिणारी विद्यार्थिनी, कीव्हमधल्या मावशीचे फोटो पाहून "टीव्हीवर सांगतात ते खरं नाही" असं आईला समजावणारा मुलगा, यांचं नेट गेलं असतं. एका घरात गुन्हेगार लपलाय म्हणून अख्ख्या धंतोलीचं पाणी तोडण्यासारखा हा प्रकार. गुन्हेगाराने टाकी आधीच भरून ठेवलेली असते.

दुसरं असं, की एकदा एका देशाचं डोमेन राजकीय मागणीवर रद्द झालं की 'डॉट इन'सुद्धा कोणाच्या तरी मर्जीवर येतं. आपण भारतीयांनी तरी हे विसरू नये.

बंद होत नाही म्हणता, पण रशिया-इराणमधले लोक तर सांगतात की निम्मं नेट चालत नाही. ते कसं?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. नेट एका आदेशाने तुटत नाही. ते कडेकडेने कुरतडलं जातं.

सुरुवात पैशापासून होते. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं, सात रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यातून, बाहेर गेल्या. रशियातली कार्डं देशात चालत राहिली, पण बाहेर एक रुपयाही देता येईना. म्हणजे व्हीपीएनचं (बंद सायटी दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमार्गे उघडून देणाऱ्या सेवेचं) वर्षाचं शुल्क नाही, परदेशी सर्व्हरचं भाडं नाही, डोमेनचं नूतनीकरण नाही. नेमक्या त्याच दिवसांत रशियन सरकार फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद करत होतं, म्हणजे व्हीपीएनची सगळ्यात जास्त गरज होती. गुगलने रशियातल्या जाहिराती आणि यूट्यूबच्या सशुल्क सेवा थांबवल्या. सरकारी वाहिन्यांना सरकारचा पैसा आहे; स्वतंत्र पत्रकाराचं मात्र तेवढंच उत्पन्न होतं, ते आटलं.

मग सर्टिफिकेटं. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसतं ना, ते ज्या सर्टिफिकेटवर अवलंबून असतं ते देणाऱ्या बहुतेक कंपन्या पाश्चात्य आहेत. त्यांपैकी काहींनी निर्बंधांमुळे रशियन बँका आणि संस्थांना सर्टिफिकेटं देणं थांबवलं. रशियन सरकारने लगेच स्वतःची सर्टिफिकेट यंत्रणा उभी केली आणि लोकांना सांगितलं, ही आपल्या ब्राउझरमध्ये घाला किंवा यांडेक्स या रशियन कंपनीचा ब्राउझर वापरा. जाणकारांना यातला धोका लगेच दिसला: असं मूळ सर्टिफिकेट ज्याच्या हाती, त्याला मध्ये बसून लोकांची वाहतूक उघडून वाचता येऊ शकते. बाहेरच्यांनी दंड म्हणून जे केलं, त्याने तिथल्या सरकारच्या हाती पाळतीचं साधन आयतं पडलं.

देशादेशांना जोडणाऱ्या इंटरनेटच्या मुख्य मार्गांचंही तेच. कोजेंट या अमेरिकन कंपनीने ४ मार्च २०२२ ला रशियन ग्राहकांची जोडणी तोडायला सुरुवात केली, काही दिवसांत लुमेननेही तेच जाहीर केलं. रशिया बाहेरच्या जगापासून तुटला नाही, पण रस्ते कमी झाले.

इराणची कथा याहून जुनी. २०१९ च्या जुलैत गिटहब या कोड साठवायच्या अमेरिकन सेवेने इराण, सीरिया आणि क्रिमिया (युक्रेनचा, रशियाने ताब्यात घेतलेला भाग) इथल्या डेव्हलपरांची खाती मर्यादित केली; वर्षानुवर्षं लिहिलेला कोड ज्यांनी खासगी भांडारात ठेवला होता त्यांना तो उघडेना. २०१८ च्या डिसेंबरात स्लॅक या कार्यालयीन संदेश-ॲपने इराणला भेट देऊन आलेल्या, पण दुसऱ्याच देशांत राहणाऱ्या लोकांची खातीही बंद केली होती. आणि याचा सगळ्यात दूरचा परिणाम असा झाला: परदेशी क्लाउडवर जागा मिळेना म्हणून इराणी ॲपं देशातल्या सर्व्हरवर गेली. २०१९ च्या नोव्हेंबरात पेट्रोल दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा सरकारने आठवडाभर बाहेरचं नेट तोडलं आणि देशातल्या बँका, टॅक्सीची ॲपं चालू ठेवली. सगळं देशातच आल्यामुळे ते सोपं झालं होतं.

कायद्यात सामान्य माणसासाठी काही सूट नाही का?

आहे, आणि लोकांना वाटते त्याहून मोठी आहे. अमेरिकेत १९८८ च्या बर्मन दुरुस्तीने पुस्तकं, चित्रपट, बातम्या अशा माहितीच्या देवघेवीला निर्बंधांतून वगळलं. इराणसाठी ओफॅकने मे २०१३ मध्ये 'सर्वसाधारण परवाना डी' काढला. संदेश, ईमेल, फोन, त्यांची साधनं इराणी लोकांना देता यावीत हा त्याचा हेतू. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. १६ सप्टेंबर २०२२ ला महसा अमिनीचा कोठडीत मृत्यू झाला, आंदोलन पेटलं, नेट तुटलं, आणि २३ सप्टेंबरला 'डी-२' आला: त्यात क्लाउड, व्हिडिओ कॉल, समाजमाध्यमं, नकाशे सगळं आलं. रशियासाठी एप्रिल २०२२ मध्ये 'परवाना २५' निघाला, तोही इंटरनेटवरच्या संपर्कासाठीच.

तारखा पुन्हा बघा. २०१९ मध्ये इराणी मुलांचा कोड अडकला तेव्हा २०१४ चा परवाना हातात होता. गिटहबला आपली सगळी सेवा इराणमध्ये देण्याचा खास परवाना मिळाला तो जानेवारी २०२१ मध्ये.

सूट असताना कंपन्या का थांबतात?

भीती. ओफॅकच्या दंडात हेतू पाहिला जात नाही. नकळत झालं तरी दंड होऊ शकतो. एका उल्लंघनाला साडेतीन लाख डॉलरहून अधिक, किंवा व्यवहाराच्या दुप्पट, यातलं जे मोठं ते. समोर तेहरानचा एक विद्यार्थी, महिन्याला पाच डॉलर देणारा. तो कायद्याच्या सवलतीत बसतो का हे तपासायला वकिलाच्या एका तासाची फीच त्याच्या कित्येक वर्षांच्या शुल्काएवढी. मग कंपनी अख्खा देशच गाळून टाकते. असं करणाऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाही, पण निर्बंध लिहिणाऱ्यांना हे परिणाम माहीत आहेत आणि तरी ते सूट नंतर देतात, याबद्दल मला मनापासून राग आहे. निर्बंध आणि त्यातली संपर्काची सूट एकाच दिवशी, एकाच कागदावर यायला हवी. रशियाच्या वेळी मध्ये सहा आठवडे गेले, आणि ज्या कंपन्या निघायच्या त्या तोवर निघून गेल्या होत्या.

म्हणजे दोष निर्बंध लावणाऱ्यांचाच?

अजिबात नाही. युद्धात नेट पूर्ण अंधारात जातं ते जवळजवळ नेहमी लढणाऱ्यांमुळेच. ही बाजू लपवून निर्बंधांवर टीका करणारे अर्धं सांगतात.

इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध सुरू झालं आणि दोन वर्षांच्या आसपास तिथले लोक फोन-इंटरनेटला पारखे झाले. गाझात २७ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी संपर्क जवळपास पूर्ण तुटला; पॅलेस्टिनी रेड क्रेसेंटला आपल्याच रुग्णवाहिकांशी बोलता येईना. युक्रेनच्या खेरसनमध्ये रशियन ताबा आल्यावर एप्रिल २०२२ च्या अखेरीस नेट बंद पडलं आणि परत आलं ते रशियाच्या जाळ्यातून, म्हणजे रशियन पाळत आणि रशियन बंदी घेऊन. चढाईच्या पहिल्याच पहाटे व्हायासॅटच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला होता. त्यात युक्रेनबरोबर जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचाही दूरस्थ संपर्क गेला. जून २०२५ मध्ये इस्राएलशी युद्ध चालू असताना इराण सरकारने सायबर हल्ल्यांचं कारण देऊन स्वतःच आपल्या लोकांचं नेट तोडलं.

सुदानचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण नागपूरकरांना ते चटकन समजेल. एप्रिल २०२३ मध्ये तिथे लष्कर आणि निमलष्करी दलात युद्ध पेटलं. बँका लुटल्या गेल्या, रोख रक्कम दिसेनाशी झाली, आणि लोक बँक ऑफ खार्तूमच्या 'बंकक' या ॲपवर जगू लागले. परदेशातला भाऊ त्यावर पैसे पाठवायचा, दुकानदार त्यावरच घ्यायचा. वस्त्यांमधली सार्वजनिक स्वयंपाकघरं याच पैशांवर चालत. फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीला देशातली तिन्ही मोठी मोबाइल नेटवर्कं बंद पडली आणि त्यासरशी चुली विझल्या. बर्डीवर पोहे-तर्रीचे पैसेसुद्धा मोबाइलने देणाऱ्या आपल्याला हे दृश्य डोळ्यांपुढे आणणं कठीण जाऊ नये.

शत्रूचा प्रचार तरी बंद करावा की नको?

युरोपीय संघाने मार्च २०२२ मध्ये आरटी आणि स्पुटनिक या रशियन सरकारी वाहिन्या बंद केल्या, आणि त्यांच्या न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये तो निर्णय उचलून धरला. त्याच मार्चमध्ये पॅकेट क्लिअरिंग हाउस या इंटरनेटच्या पायाभूत सोयी सांभाळणाऱ्या संस्थेचे बिल वुडकॉक आणि नेटच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जुन्या लोकांनी एक खुलं पत्र काढलं. त्यांचं म्हणणं असं: देश तोडू नका, लष्कर आणि सरकारी प्रचारयंत्रणा यांचे नेमके पत्ते आणि डोमेनं शोधा, त्याची यादी उघडपणे, चर्चा करून ठरवा, आणि ज्याला पाळायची तो पाळेल. मला हा मार्ग बराच पटतो. मात्र यादी उघड असली पाहिजे, कारण दिलं गेलं पाहिजे आणि नाव चुकून आलं तर काढून घ्यायची सोय पाहिजे.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना एक्सने (पूर्वीच्या ट्विटरने) जाहीर केलं, की भारत सरकारने ८,००० हून अधिक खाती भारतात बंद करायला सांगितली आहेत. त्यात अफवा पसरवणारी खाती असतीलही, आणि त्या दिवसांत अफवांचा पूर आला होता हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण आदेश गोपनीय असल्यामुळे कोणतं खातं कशासाठी गेलं हे नागरिकाला तपासता येत नाही.

भारतावर पूर्वी तंत्रज्ञानाचे निर्बंध आले होते का?

हो. ऐंशीच्या दशकात आपल्याला हवा तो क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर पुन्हा निर्बंध आले. परमची गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण ती सांगून "निर्बंधांनी देश मजबूत होतो" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. महासंगणक सरकार बांधू शकतं. ज्याचं अर्धं झालेलं ऑनलाइन शिक्षण मध्येच बंद पडलं त्या मुलाला सरकार काय बांधून देणार? २०१४ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या सायटीने इराण, सुदान, क्युबातल्या विद्यार्थ्यांना असंच बाहेर काढलं होतं.

आमची मुलगी अशा देशात शिकून राहिली आहे. नेट गेलं तर काय?

तयारी नेट चालू असतानाच करायची असते.

तिथल्या भारतीय दूतावासात तिची नोंदणी झाली आहे ना, हे आजच विचारा. दूतावासाचे, वसतिगृहाचे, दोन-तीन मैत्रिणींचे आणि त्यांच्या भारतातल्या घरांचे नंबर कागदावर लिहून दोन्हीकडे ठेवा. फोनमधले नंबर फोनबरोबर जातात. नेट बंद झालं तरी कित्येकदा साधा फोन आणि एसएमएस चालतो, म्हणून तिच्या सिमवर आंतरराष्ट्रीय कॉलचा बॅलन्स असू द्या. व्हॉट्सॲपखेरीज आणखी एक-दोन ॲपं दोन्ही बाजूंनी आधीच सुरू करून ठेवा. शहराचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्यायला सांगा. पासपोर्ट, व्हिसा, गुणपत्रिका यांच्या प्रती घरी हव्यात.

पैसे हा वेगळा विषय. भारतात काढलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड मार्च २०२२ पासून रशियात चालत नाही. थोडी रोख, तीही एकाच जागी न ठेवलेली, जवळ असावी.

संपर्क तुटला तर घाबरून पालकांच्या ग्रुपवर मुलांची ठिकाणं, हालचालीचे मार्ग टाकू नका. ते कोण वाचतं हे आपल्या हातात नसतं. आणि दोन दिवस निरोप आला नाही याचा अर्थ काही बरंवाईट झालं असा नाही. जून २०२५ मध्ये इराणमधल्या मुलांच्या घरच्यांनी असेच दिवस काढले.

मी छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. काय करून ठेवू?

सगळी अंडी एकाच टोपलीत नकोत हे तुम्हाला माहीत आहेच, पण ईमेल, फायली, कोड आणि डोमेन एकाच परदेशी खात्यावर टाकलेल्या कंपन्या आयटी पार्कात शोधाव्या लागत नाहीत. कोडची आणि ग्राहकांच्या माहितीची एक प्रत आपल्या ताब्यातल्या यंत्रावर ठेवा. ती परत उभी राहते का, हे कधीतरी करून पाहा. डोमेनची नोंदणी ईमेल देणाऱ्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीकडे असू द्या, आणि त्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको.

नवा परदेशी ग्राहक घेताना त्याची मालकी कोणाची हे विचारा, ओफॅक आणि युरोपीय संघाच्या याद्या सार्वजनिक आहेत त्या पाहा, आणि पैसे येण्यापूर्वी बँकेशी बोला. पैसे अडकल्यावर बँकेला उत्तरं देणं फार जड जातं.

एक कळकळीची विनंती. ग्राहक इराणी आहे, सीरियन आहे एवढ्यावर त्याला नाही म्हणू नका. माणूस यादीत आहे का, काम सवलतीत बसतं का, हे पाहा. अख्खा देश गाळायची सवय मोठ्या कंपन्यांनी लावली. ती आपण उचलायची गरज नाही.

व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा आहे का?

नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले, एवढंच. परदेशात मात्र तिथला कायदा लागू. मुलांना तिथल्या नियमांची माहिती असू द्या.

स्टारलिंकसारखं उपग्रह इंटरनेट हा उपाय नाही का?

युक्रेनला त्याचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण क्रिमियाजवळ सेवा सुरू करायला आपण नकार दिला होता, हे स्टारलिंकचे मालक इलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं. युद्धातला निर्णय एका खासगी मालकाकडे जाणं मला सरकारकडे असण्याइतकंच धोक्याचं वाटतं.

भारतात सरकार नेट बंद करू शकतं का?

करू शकतं, पण मर्यादा आहेत. काश्मीरमधल्या नेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगितलं, की अनिश्चित काळासाठी नेटबंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनुसार एक आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त काळ चालत नाही आणि पुनर्विलोकन समितीपुढे तो जावा लागतो. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये गेलेलं ४जी परत आलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. तेव्हा कागदावरची मर्यादा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर लक्षात ठेवा. तुमच्या जिल्ह्यात बंदी आली तर लेखी आदेश मागा. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

युद्ध थांबलं, निर्बंध उठले, की सगळं लगेच सुरू होतं?

नाही. सुदानवरचे अमेरिकेचे बहुतेक आर्थिक निर्बंध १९९७ पासूनचे. ते ऑक्टोबर २०१७ मध्ये उठले. पण दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशांच्या यादीत सुदानचं नाव डिसेंबर २०२० पर्यंत राहिलं आणि तोवर बँका फिरकल्या नाहीत. सीरियावरचे निर्बंध मे २०२५ मध्ये परवान्याने सैल झाले आणि ३० जूनच्या आदेशाने निर्बंधांचा तो कार्यक्रमच संपला. तरी कित्येक सेवांच्या नोंदणी पानावर देशांच्या यादीत सीरिया दिसत नव्हता, कारण ती यादी कोणीतरी दहा वर्षांपूर्वी कोडमध्ये लिहून ठेवलेली.

असा कोड नागपुरातही लिहिला जातो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये गाळलेल्या देशांची यादी असेल तर ती कधीची आहे, कोणत्या नियमावरून घेतली आणि तो नियम आज लागू आहे का, हे या आठवड्यात उघडून पाहा. ग्राहकाने ठेवायला सांगितलेली असेल तर त्यालाही लिहून विचारा.